वांग्यातली काळी खुटी

कामरगावात दोन जावा राह्यत होत्या, एक मी आन् एक रुखमा. दोघींच्या वावरांच्या मधात एकच धुरा, हातभर मातीचा बांध, पण बोलणं बंद.

एक दिवस माह्या वांग्यात गाडलेली काळी खुटी दिसली. करणीच! रुखमाशिवाय कोण करीन? उपटली आन् बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवली.

घडीभरात रुखमा फावडं घेऊन धावत आली. "जाऊबाई, वांगी बुडून राह्यली तुमची! माह्या पोरीच्या मोबाइलवर आलं!"

"तिले कसं कळलं?"

"तिच्या कॉलेजातली खुटी हाये. बारीक भुकटीच्या लेपानं तिले मातीतली ओल समजते, आन् ते मोबाइलवर येते. तुमच्या वांग्याले पानी कमी पडते, म्हणून आमीच गाडली."

"मले काहून नाही सांगतलं?"

"गाडू देली असती?"

मी बादलीतली खुटी दाखवली. रुखमा हासत खालीच बसली.

यंदा दोन्ही घरची वांगी एकाच गाडीत बाजारात गेली.