बाबांनी निवडलेलं ऑइल

गॅरेजमध्ये माझा नंबर दुसरा होता, कान मात्र पहिल्या नंबरावर. तिथे मिस्त्री, डर्ट बाईकवाली मुलगी आणि तिचे वडील.

"बाईकच्या गिअरबॉक्समध्ये कारचं ऑइल कुणी ओतलं?"

"बाबांनी. दुकानातलं सगळ्यात महागडं!"

"त्यानंच क्लच घसरतोय, काका."

"अरे देवा! उद्या हिची रेस आहे हो."

"काढतो सगळं ऑइल... थांबा. ऑइल काढायच्या बोल्टला चुंबक असतं, त्याला बघा काय चिकटलंय."

"गिअरचा दात?"

"तुकडा. क्लच घसरला नसता तर ताई इकडे फिरकल्याच नसत्या. उद्या उडीत गिअरबॉक्स जाम होऊन त्या फेकल्या गेल्या असत्या."

"म्हणजे रेस गेली?"

"नवा गिअर परवा मिळेल."

"हसतेस काय? चूक झाली माझी."

"झालीच, बाबा. म्हणून तर उद्या घरी बसून तुमच्याशी भांडता येईल."