पूजेचा दिवा अन् नवा ओवन

शेलूबाजारात मले "दिवा फुंकणारी सून" काहून म्हणतात, ते माह्याच तोंडून ऐका.

आमच्या घरी गॅसवरचा ओवन आला, म्हणजे त्याची पूजा आलीच. सासूबाई देवघरात ताट सजवून राह्यल्या होत्या अन् इकडं दीर ओवन पेटवून पाहत होते. बटन दाबलं की नुसतं टकटक वाजे, जाळ काही धरे ना.

मी म्हटलं, "भाऊजी, बंद करा. गॅसचा वास येऊन राह्यला."

"नव्या वस्तूले वास येतेच, वहिनी."

तेवढ्यात सासूबाई पेटता दिवा घेऊन स्वयंपाकघराकडं निघाल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना सरळ अंगणात नेलं अन् एका फुंकरीत दिवा विझवला.

"पूजेचा दिवा फुंकला? असा अपशकुन कोणी करते काय?"

"मी केला. पुन्हा लावान, तर पुन्हा फुंकीन."

मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला अन् दारं-खिडक्या उघडल्या. दीर पंखा लावाले निघाले, त्यांनाही बटनाले हात लावू देला नाही. वास गेल्यावर नळीच्या जोडाले साबणाचं पाणी लावलं अन् रेग्युलेटर उघडला, तर भराभर बुडबुडे आले. एजन्सीच्या माणसानं येऊन नळी बदलली, तवा कुठं ओवन पेटला.

सासूबाईंचा राग मात्र गेला नाही. आजही गल्लीभर सांगतात, "आमच्या सुनेनं पूजेचा दिवा फुंकला."

सांगू द्या. सांगाले जित्या आहेत ना.