रिकाम्या बादलीची चौकशी

कचरा दाखवा म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, एखाद्या सभ्य माणसाकडे असं कुणी काही मागतं का? घरी कुणी आलं तर आपण मुलीच्या लग्नाचा अल्बम दाखवतो, नवा सोफा दाखवतो, फार तर ऑपरेशनचा व्रण दाखवतो... पण कचरा? एकतीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली मी, तीन मंत्रालयं पाहिली, एक मेमो नाही कधी, लेट मार्क दोन आणि तेही धुक्यामुळे, आणि रिटायर व्हायला सहा महिने उरलेले असताना लिफ्टशेजारच्या बोर्डावर माझं नाव. फ्लॅट पाचशे दोन, गुणवंत बारटक्के. आणि खाली लाल स्केचपेनने, 'आपका कचरा किधर है?'

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो.

आम्ही राहतो दिल्लीत, पटपडगंजला. सोसायटी चौसष्ट फ्लॅटची, त्यात मराठी घर आमचं एकच. पाचवा मजला, पूर्वेची बाल्कनी, आणि बाल्कनीतून थेट दिसतो तो गाझीपूरचा डोंगर. कचऱ्याचा. वर्षानुवर्षं टाकून टाकून उभा राहिलेला, वर घारी फिरताहेत, थंडीत धुक्यातून नुसता माथा दिसतो... लांबून चांगला दिसतो हो, खोटं कशाला बोलू. आमच्या हिचे काका, काकासाहेब, साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहिले, कपाळावर आडवा हात धरला, बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "जावईबापू, हा कुठला गड?" आता काय बोलणार? मी म्हटलं, "गड नाही काकासाहेब, लोकांनी टाकलेली भाजीची सालं आहेत." त्यानंतर दोन दिवस ते चहा आत बसूनच प्यायले.

तर हा डोंगर आणखी वाढायला नको, निदान आपल्या सोसायटीचा त्यात हात नको, असा ठराव झाला. चांगलंच आहे की, मीसुद्धा हात वर केला. ठराव मांडला भसीनसाहेबांनी. आमचे प्रेसिडेंट, रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, आवाज असा की ते खाली गेटवर शिंकले तर आम्ही पाचव्या मजल्यावर 'गॉड ब्लेस यू' म्हणतो. म्हणाले, "देखिए जी, पहले तौलो, फिर बोलो! हर घर का गीला कचरा रोज़ तौला जाएगा!" म्हणजे काय, तर आमचा सफाईवाला श्याम, पन्नाशीचा, अत्यंत गंभीर माणूस, तो रोज सकाळी दारोदार जाणार, ओल्या कचऱ्याची बादली काट्याच्या हुकाला लटकवणार, एक डोळा बारीक करून वजन बघणार आणि वहीत लिहिणार. महिन्याच्या शेवटी कुणाचा कमी झाला, कुणाचा वाढला, सगळं बोर्डावर.

आता महिना कुठला, जानेवारी. दिल्लीत जानेवारी म्हणजे मटार. अख्खी दिल्ली उन्हात खुर्च्या टाकून मटार सोलत बसलेली असते. शेजारच्या मिसेस तनेजांची बादली पहिल्याच दिवशी तीन किलो भरली, काटा खाली वाकला. आणि आमची? शून्य. श्यामने काटा झटकला, परत लटकवली, परत शून्य. "साहब, व्रत है क्या?" मी म्हटलं नाही बाबा. दुसऱ्या दिवशी शून्य. "मेमसाहब मायके गई हैं?" तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी त्याने वही मिटली, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "साहब... घर में सब ठीक है ना?" आणि पाचव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, मिसेस तनेजांनी पातेलंभर राजमा-चावल पाठवला. डोळ्यांत पाणी बिणी आणून. मला काही कळेना, पण राजमा उत्तम होता. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही ही आमच्या हिची शिस्त, म्हणून प्रमोदिनीने त्यात गरम गरम वड्या घालून पाठवल्या. मिसेस तनेजांचा लगेच फोन, "भाभीजी, क्या कटलेट था!"

पण अकराव्या दिवशीही शून्य म्हटल्यावर दया संपली आणि संशय सुरू झाला. कारण तेव्हाच नेमक्या मागच्या भिंतीपलीकडे, नाल्याच्या बाजूला, रोज कचऱ्याच्या दोन पिशव्या सापडायला लागल्या. झालं! भसीनसाहेबांनी गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काढलं, आणि त्यात कोण दिसावं, मी! सकाळी सहा वाजता, माकडटोपी घातलेला, हातात फुगलेली पिशवी, इकडे तिकडे बघत चाललोय. अहो, इकडे तिकडे बघत होतो ते कुत्र्यांच्या भीतीने! आणि पिशवीत काय होतं, तर पिशव्या. आमची ही प्लास्टिकच्या पिशव्या धुते, दोरीवर चिमटे लावून वाळवते आणि मी त्या दूध आणायला जाताना भाजीवाल्याला परत नेऊन देतो. आता हे कुणाला पटणार? 'पिशवीत काय होतं?' 'पिशव्या.' 'पिशव्यांत काय होतं?' 'काही नाही.' ऑफिसात एखाद्याने असं एक्सप्लनेशन दिलं असतं तर मीच त्याच्यावर चौकशी बसवली असती. शनिवारी सकाळी बोर्डावर नाव लागलं आणि रविवारी अकरा वाजता कमिटी घर पाहायला येणार असं कळलं.

मी तडक वर आलो. म्हटलं, "अगं प्रमोदिनी, खरंच, आपला कचरा जातो कुठे?"

ती मटार सोलत होती. म्हणजे मटार सोलून झाले होते, ती सालं सोलत होती. सालांच्या आतला तो पातळ पापुद्रा असतो ना, तो ओढून काढत होती, एकेका सालाचा, शांतपणे. मान वर न करता म्हणाली, "अहो, जेवता ते काय?"

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीवर बसलो. मग ती एकेक सांगत गेली आणि मी आठवत गेलो. परवाच्या वड्या, ज्या मी सहा खाल्ल्या? मटारची सालं. ती खमंग चटणी, तीळ-खोबरं घातलेली? दुधीची सालं. कुरकुरीत तळलेलं, मी ज्याला वेफर्स समजत होतो? बटाट्याची सालं. झुणका फ्लॉवरच्या पानांचा, आमटी कोथिंबिरीच्या देठांची, आणि काल मी मिटक्या मारत जे आंबटगोड काहीतरी खाल्लं ती संत्र्याची सालं. उरलंसुरलं, कांद्याची टरफलं आणि चहाचा चोथा, बाल्कनीतल्या फुटक्या माठात, आणि माठातलं कढीपत्त्याला. म्हणजे तीस वर्षं मी जेवत होतो की साफसफाई करत होतो? म्हटलं, "अगं, तू मला कचरा खायला घालतेस?" तर म्हणाली, "कचरा मुळात असतो कुठे, अहो? टाकला की होतो." आणि परत पापुद्रे काढायला लागली.

वाक्य चांगलं आहे हो, पण ते भसीनसाहेबांना हिंदीत कसं सांगायचं? विचार करा माझ्या परिस्थितीचा! 'आपका कचरा किधर है?' याला उत्तरं दोनच. एक, मी नाल्यात टाकतो. म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीवर बोळा. दुसरं, मी खातो. हे पंजाबी लोक, घरी तूप ओघळतंय, पनीर किलोनं येतंय, त्यांच्यासमोर सांगायचं, 'हम छिलके खाते हैं जी'? पुढच्या लोहडीला मला वर्गणी काढून ब्लँकेट देतील!

मग मी असं काही केलं की ते सांगायला मला आजही लाज वाटते. म्हटलं, कचरा पाहिजे ना यांना, आपण कचरा आणू. गेलो भाजीवाल्याकडे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हटलं, "भैया, थोड़ा कचरा देना." त्याने तराजूच खाली ठेवला. "कितना दूँ, साहब?" मी म्हटलं, दो किलो. "गाय के लिए?" मी म्हटलं, हां... गाय के लिए. त्याने मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं, सगळं कोंबून पिशवीत भरलं. मी ती पिशवी कोटाच्या आत धरून वर आणली, हळूच स्वयंपाकघरात शिरलो, बादलीत रिकामी केली. काय शांत झोप लागली त्या रात्री.

सकाळी जाग आली ती फोडणीच्या वासाने. स्वयंपाकघरात गेलो तर ही गात होती. लग्नानंतर गाताना फारशी ऐकली नव्हती मी तिला. म्हणाली, "अहो, किती कोवळा पाला आणलात! तीस वर्षांत पहिल्यांदा न सांगता भाजी आणलीत आणि तीही इतकी निवडून. पण बादलीत कशाला ठेवलीत? फ्रीजमध्ये जागा होती की." आता या बाईला मी काय सांगणार? चेहरा बघायला हवा होता तुम्ही तिचा. मी आपलं म्हटलं, "हो, दिसला, म्हटलं तुला आवडतो." पीठ पेरून केलेली ती भाजी, गरम भाकरी... दोन भाकऱ्या खाल्ल्या मी. बादली परत रिकामी आणि साडेदहा वाजलेले.

अकराला कमिटी हजर. भसीनसाहेब, मिसेस तनेजा, आणि मागे वही घेऊन श्याम. बादली पाहिली, लख्ख. फ्रीजच्या मागे पाहिलं. भसीनसाहेब गुडघ्यावर हात ठेवून दिवाणाखालीसुद्धा वाकले. मी भिंतीला टेकून उभा. आणि आमची ही, "बैठिए ना भाईसाहब," म्हणून चहा घेऊन आली, बरोबर बशीत वड्या, चटणी आणि ते कुरकुरीत. पंजाबी माणूस चौकशीला आला म्हणून काही खाणं सोडत नाही. खाल्लं, परत घेतलं, बोटं चाटली, आणि मग घसा खाकरून भसीनसाहेब म्हणाले, "हां तो भाभीजी, अब बताइए, आपका कचरा किधर है?"

मी तिला डोळ्यांनी खुणावतोय, नको, नको... आणि प्रमोदिनी पदराला हात पुसत म्हणाली, "भाईसाहब, आधा तो आपने खा लिया. बाकी गरम है, ला रही हूँ."

मिसेस तनेजा हातातल्या वडीकडे बघत म्हणाल्या, "वो उस दिन का कटलेट..." "मटर के छिलके." "हाय! और मैं रोज़ तीन किलो फेंक रही हूँ?" श्यामने पेन उघडलं, मग बंद केलं, वहीत यासाठी रकानाच नव्हता. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, गेली इज्जत. आणि भसीनसाहेबांचा आवाज आला, अख्ख्या बिल्डिंगने ऐकला असणार, "अजी छिलके-विलके छोड़ो, चटनी और है?"

सोमवारी बोर्डावर माझं नाव होतं, पण हिरव्या शाईने. पुढे 'धन्यवाद'. नाल्यापलीकडच्या पिशव्याही त्याच दिवसापासून थांबल्या आणि भसीनसाहेबांची बादली बरोब्बर दोन किलोने वाढली. आता त्यांच्या स्वयंपाकिणीला विचारायला मी कशाला जाऊ, मी कुणाचं नाव घेत नाही.

पण खरी गंमत पुढेच. मंगळवारी सकाळी बेल वाजली, दारात मिसेस तनेजा, हातात डबा. "भाभीजी, आज के छिलके." मग तिसरा मजला, मग सहावा. प्रमोदिनीने गच्चीत उन्हात बसून सगळ्यांना शिकवलं हो, पण पापुद्रा काढायचा धीर कुणाला? चार सालं काढतात आणि डबा आमच्याकडे. ही सगळ्यांचं करते, अर्धं त्यांना पाठवते. आता भरलेला डबा आला म्हटल्यावर त्याही रिकामा कशा पाठवतील, मग त्यातून येतो गाजर हलवा, पिन्नी, छोले... आणि सगळं सगळ्यात आधी कोण चाखणार? "अहो, मीठ बघा जरा." रोज सव्वाशे किलो जायचा सोसायटीचा ओला कचरा, तो आला साठवर. श्याम हल्ली दारात हसतो. संध्याकाळी घरात चारपाच जणी बसलेल्या असतात, हिंदी-पंजाबी-मराठी सगळं एकदम चाललेलं असतं, आणि ही मध्ये बसून हसत असते. मला आवडतं ते. तक्रार नाहीये माझी. तक्रार फक्त पँटच्या बटणाची आहे.

परवा होळीला काकासाहेब आले परत. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहिले, समोर डोंगराकडे पाहिलं, मग वळले. मी बनियनवर, मूठभर संत्र्याची सालं तोंडात. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, कपाळावर आडवा हात धरला, बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "जावईबापू, हा कुठला गड?"

आता काय बोलणार? म्हटलं, "तोच, काकासाहेब. थोडा थोडा करून इकडे हलवतोय."