पण त्याला तिथे बसवतं कोण?

नाही, मी म्हणते, एवढी मोठी पेशी, फांद्याच फांद्या, बसायला जागाच जागा, आणि हे प्रथिन महाशय बसणार कुठे? तर बरोब्बर त्या एका ठिपक्यावर! का? ...तुम्हाला सांगते, या एका ‘का’पायी माझ्या चष्म्याचा नंबर वाढला!

म्हणजे बघा, या चेतापेशी एकमेकींना चिकटत नाहीत, मध्ये बारीकशी फट, अलीकडची रसायन फेकते, पलीकडची झेलते, आणि झेलणारे हात नेमके समोर धरून ठेवायला आतून परांची बांधल्यासारखं एक प्रथिन असतं. अहो, पण परांची बांधायला गवंडी असतो! इथे गवंडी कुठाय? त्याला तिथे बसवतं कोण?

आमच्या प्रयोगशाळेचे सर गोड बोलतात हो, तीच तर भीती. "त्या प्रथिनाला चमकणारा दिवा जोडा, म्हणजे दिसेल. आणि सोमवारपर्यंत ठिपके नाही दिसले ना... तर तुमचं टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हं!" म्हणजे मी बाहेर! जोडला दिवा, म्हणजे हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन हो. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला, तर ठिपके कसले, अख्खी पेशी हिरवीगार! प्रथिन आपलं गावभर उंडारतंय! त्यात आईचा फोन, "बसला का गं तो जागेवर?" जसं काही व्रात्य कार्टंच सांभाळतेय मी! "नाही गं आई, हिंडतोय." "बरं. जेवलीस?"

आणि शनिवारी धप्पकन कोट पडला, हुकासकट. भिंतीवर चिकटवायचा हूक हो, माझा, नवा कोरा. उचलला, तर माझ्या नावाची पट्टी मीच लावलेली, कुठे? मागच्या डिंकावर! अशी कशी गं तू बावळट, असं म्हणता म्हणता मी थांबले... कारण त्या प्रथिनाच्या पुढच्या टोकाला तेलकट शेपटी लागते, तिच्या जोरावर ते पेशीच्या पडद्याला धरून बसतं, आणि मी दिवा कुठे टांगला होता? त्याच टोकाला! मग शेपटी लागणार कुठे? हसू नका!

कोट तुडवत पळाले, दिवा मागच्या टोकाला लावायची तयारी केली, रविवार देवाच्या नावानं काढला, आणि सोमवारी सकाळी... ठिपके! फांदीभर लुकलुकणारे ठिपके! रडूच आलं मला.

पण रडताना डोक्यात आलं, पडदा तर पेशीभर आहे, मग इथेच का? पलीकडची पेशी फटीतून हात धरते म्हणून? ती शेपटी लावणारं प्रथिन तिथेच जवळ असतं म्हणून? आणि गंमत म्हणजे बसलेलं कायमचं बसतच नाही, एक उठतं, दुसरं येतं, ठिपका मात्र तिथल्या तिथे! मग सांगा, त्याला तिथे बसवतं कोण?

सर आले. वाकले. आधी एक डोळा लावला, नंतर दुसरा. मग म्हणाले, "वा! वा! अहो, तुमच्या या प्रथिनासाठी आता मोठा सूक्ष्मदर्शक मागवू! तुम्ही कुठे जायचं नाही हं, इथेच राहायचं! फक्त तो ठेवायचा कुठे... हां, हे तुमचं टेबल आहे ना!"

मोठा सूक्ष्मदर्शक आला. मी पॅसेजमध्ये, फ्रिजशेजारी. हूक मात्र आता घट्ट चिकटलाय. परवा आईचा फोन, "बसला का गं तो?"

"बसला गं आई, अगदी पक्का बसला."

"आणि तू?"

"मी... मी उभीच आहे."