एव्हरेस्टसमोरचा फोटो

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हाची गोष्ट. बाबांनी आई, ताई आणि मला एव्हरेस्ट दाखवायला चक्क बसने नेपाळला नेलं. डोंगरावरच्या स्वस्त लॉजमध्ये तीन दिवस राहिलो. तिन्ही दिवस नुसतं धुकं.

निघताना बाबांनी लॉजवाल्याला विचारलं, "एव्हरेस्ट किधर है?"

त्याने बोट दाखवलं. बाबांनी आम्हाला त्या बाजूच्या धुक्यापुढे उभं करून रोलमधला शेवटचा फोटो काढला.

परत आल्यावर शेजारचे खन्ना अंकल अल्बम बघायला आले. तेही आदल्या वर्षी सहकुटुंब तिथे जाऊन आले होते.

बाबा म्हणाले, "ये पीछे एव्हरेस्ट है."

आई उठून चहा ठेवायला गेली.

खन्ना अंकलनी फोटो नीट निरखला. म्हणाले, "बिल्कुल! हमें भी ऐसा ही दिखा था."