टॉवेलवर न आलेला चाप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रायफल क्लबचे प्रमुख श्री. एमरी ब्रॅग, व्यासपीठावर बसलेले पास्टर ट्रेंट, डेप्युटी शेरीफ मीडोरसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते श्री. डेन्व्हर कँटली, आणि जेवून थोडे सुस्तावलेले माझे सगळे शेजारी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या खोलीत माझी नोकरी झाली. तिथे मी लोकांना एवढंच सांगायची, श्वास रोखा, हलू नका. आज माझीच तशी अवस्था आहे. तरी एमरींनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण डेन्व्हर उद्या दुपारी ओहायोला लेकीकडे कायमचे राहायला जाणार आहेत.

डेन्व्हर बंदुका दुरुस्त करतात हे इथे कुणाला सांगायला नको. त्यांचा टॉवेलही सगळ्यांना ठाऊक आहे. परदेशातून आलेली रायफल त्यांच्या पुढे ठेवली, की ते निळा टॉवेल पसरतात, ती पूर्ण सुटी करतात आणि एकेक भाग त्यावर मांडतात. इथला डाव्या बाजूला, तिकडचा उजव्या बाजूला. सगळे भाग टॉवेलवर आल्याशिवाय ते एक शब्द बोलत नाहीत. माझे दीर क्लीटभाऊजी म्हणायचे, ‘डेन्व्हरकडे कॉफी मागितली तरी तो आधी टॉवेल पसरेल आणि दूध कुठल्या गाईचं ते विचारेल.’ भाऊजी, हसू नका, तुम्हीच म्हणायचात.

माझे यजमान एल्डन यांच्याकडे रुमानियाची रायफल होती. ती दुकानातून आली तेव्हा कायद्याप्रमाणे तिच्यात बरेच भाग अमेरिकेत बनवलेले बसवलेले होते. एल्डनला ते आवडत नसत. प्लॅस्टिकचा दस्ता, प्लॅस्टिकची मूठ. तो म्हणायचा, ‘म्हाताऱ्या सैनिकाला पोरांचे बूट घातल्यासारखं दिसतं हे.’ मग दर वसंतात क्लबच्या सुट्या भागांच्या अदलाबदलीच्या दिवशी तो टेबलांवरून एकेक मूळचा भाग मिळवायचा. कधी लाकडी दस्ता, कधी मूठ. घरी येऊन बसवायचा आणि मला दाखवायचा. तुमच्यातल्या किती जणांनी हेच केलं आहे? हात वर करू नका. मी नुसतं विचारते आहे.

मग एकदा नेमबाजीच्या दिवशी बाहेरगावचा एक तरुण माणूस एल्डनच्या शेजारी उभा राहिला. सभ्य होता, म्हणे. त्याने रायफलीचं कौतुक केलं, फोनवर तिचा फोटो काढला आणि विचारलं, ‘काका, एवढे सगळे भाग तिकडचेच? मोजलेत का कधी?’ एल्डनने नाही म्हटलं. त्यावर त्याने सांगितलं, की सरकारच्या यादीतले परदेशी भाग दहापर्यंत चालतात. अकरावा झाला, की जोडणारा माणूस गुन्हेगार, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढं बोलून तो पांढऱ्या गाडीत बसून निघून गेला. तो कोण होता ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. खाणीत विजेचं काम करताना छत कोसळलं तेव्हाही न घाबरलेला माणूस, अंगणातल्या खडीवर चाक वाजलं की भिंतीला लागून उभा राहायचा. पडदे दिवसाही ओढलेले. पांढरी गाडी दिसली, की जेवण तसंच राहायचं. त्याने क्लबला येणं सोडलं, तेव्हा काहींना वाटलं त्याला गर्व झाला आणि काहींना वाटलं त्याचं डोकं फिरलं. क्लीटभाऊजी मला म्हणाले, ‘वहिनी, वॉशिंग्टनवाल्यांना एवढाच उद्योग उरलाय का, एल्डनचे स्क्रू मोजायचा?’ मी एल्डनला म्हटलं, डेन्व्हरना विचार. तो म्हणाला, ‘विचारलं तर त्याला कळेल. कळलं की तोही अडकेल. त्याचं दुकानाचं लायसन्स जाईल.’ 

मार्चमध्ये त्याचं हृदय थांबलं. तुमच्यातले बहुतेक जण मयतीला होते.

त्यानंतर मला घरात ती रायफल सापडायला लागली. अख्खी नव्हे. डीप फ्रीजरमध्ये हरणाच्या मांसाखाली नळी. शिवणाच्या पेटीच्या तळाशी मूठ. लोणच्याच्या बरण्यांमागे फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, ज्याचं नावही मला माहीत नाही. त्याने ती सुटी करून घरभर लपवली होती. जोडलेली नसली तर पकडणार नाहीत, असं त्याला वाटलं असावं. त्याच्या आठवणीने त्याच्या वस्तू बघायला मी एखादा खण उघडायची आणि हाताला गार लोखंड लागायचं. मी माझ्याच घरात कपाटं उघडायला घाबरू लागले. मग खडीवर चाक वाजलं, की मीही भिंतीला लागून उभी राहायला लागले.

क्लीटभाऊजी म्हणाले, सगळं पोत्यात भरा आणि नदीत टाकून या. मी डेन्व्हरना फोन केला. ते आले, आमच्या जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरला आणि आम्ही दोघांनी मिळून घर शोधलं. यादीतलं सगळं मिळालं. एक चाप तेवढा मिळेना. उजव्या बाजूला तोवर दहा भाग झाले होते.

म्हणजे सगळं त्या चापावर आलं. चाप इथला असेल तर माझा माणूस उगाच झुरून गेला. तिकडचा असेल तर त्याच्याकडून खरोखर गुन्हा घडला होता. यातलं काय निघावं असं मला वाटत होतं? मला आजही सांगता येणार नाही. मी डेन्व्हरना म्हटलं, तुम्ही नुसतं म्हणा की तो इथलाच असेल, मला पुरे आहे. ते म्हणाले, ‘जे टॉवेलवर नाही, ते मी मोजत नाही, ओलेटा.’ मला त्यांचा फार राग आला. पण लेकीने खोली तयार ठेवलेली असताना हे गृहस्थ उन्हाळाभर इथेच थांबले. दर रविवारी चर्च सुटलं की यायचे आणि विचारायचे, ‘काही सापडलं?’

आज सकाळी या जेवणासाठी बीन्स शिजवायला मी माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने मेणकागदाची पुडी लावलेली होती. काळजी करू नका, पातेलं मी नीट घासून घेतलं आहे.

तासाभरापूर्वी इथल्याच स्वयंपाकघरात मी ती पुडी डेन्व्हरच्या हातात दिली. टॉवेल दुकानात होता म्हणून त्यांनी भांडी पुसायचं फडकं ओट्यावर पसरलं. चष्मा पुसला. चाप दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, ‘तिकडचा आहे. अकरा.’ मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच सांगितलं.

मग ते म्हणाले, ‘एल्डन घाबरला ते चुकीचं नव्हतं. जरा जास्त घाबरला, एवढंच.’

मित्रहो, एल्डनचं डोकं फिरलं नव्हतं. त्याने मोजलं होतं आणि बरोबर मोजलं होतं. हे मला आज इथे, त्याला हसलेल्यांच्या समोर, सांगायचं होतं. डेन्व्हरनी मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं असतं, तर हे मला कधीच सांगता आलं नसतं. त्यांचा सत्कार तुम्ही घड्याळ, फलक काहीही देऊन करा. माझ्याकडून एवढंच.

उद्या सकाळी ते आमच्या रायफलीत इथे बनवलेला चाप बसवून ती जोडणार आहेत. दहाच भाग तिकडचे राहतील. मी शेजारी उभी राहून बघणार आहे. हात लावायचं धैर्य मला अजून नाही.

आणखी एक.  मागच्या रांगेत काही जण बोटांवर मोजताहेत, मला इथून दिसतं. घरी जाऊन काही लपवू नका. तुमच्या बायकांना ते नंतर सापडतं. दुकान उद्या दुपारपर्यंत उघडं आहे. टॉवेल गाडीत सगळ्यात शेवटी ठेवायला मी डेन्व्हरना सांगितलं आहे.

डेन्व्हर, ओहायोत सुखी राहा. उन्हाळाभर थांबलात त्याबद्दल तुमचे आणि लेकीचे आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. अशा प्रसंगी जे बोलायचं नसतं तेही मी बोलले असेन. काही वावगं वाटलं असेल तर दुःखात असलेल्या बाईचं बोलणं म्हणून सोडून द्या.

मीडोरसाहेब, मी बोलताना तुमच्या पोलिसी गणवेशाकडे बघायचं टाळलं, ते भीतीमुळे. तुम्हाला काही विचारायचं असेल, तर माझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे, दाराशेजारी. मी तिथे जाऊन बसते. सगळे जाईपर्यंत मी उठणार नाही.