आबांच्या नावाचा बेडका

आधी चहा पिऊन घ्या, कारण मी बेडक्याचं सांगणार आहे. आशाताईच्या कामात दुसरं काय असतं?

आमच्या देऊळघाटात किसनआबांचा खोकला महिनाभर हटेना. मी तपासणीची डबी दिली आणि बजावलं, "लाळ नको आबा, छातीतून खोकून बेडका काढा." सकाळी त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या बायकोनं, सखूआजीनं, डबी आणून दिली. बेडका असा घट्ट, की मी आबांना शाबासकीच दिली. आबा खाली मान घालून बसले.

रिपोर्टात टीबी निघाला. मी गोळ्या घेऊन गेले, आबांच्या हातावर ठेवणार, तेवढ्यात आजीनं माझा हात धरला.

"त्याईले नको देऊ वं माय. डबीतलं माह्यं होतं."

"तुमचं? काऊन?"

"त्याईचा बेडका निघेच ना. खाकरू खाकरू डोळ्याले पानी आलं. म्हनलं, मले तं रोजच येते, देऊन टाकू."

"रोज येते? मंग सांगितलं काऊन नाही, आजी?"

"इचारलं कोनं मले?"

आबांचं तोंड एवढंसं झालं.

दोघांची पुन्हा तपासणी केली. आबांचा खोकला बिडीचा निघाला, टीबी आजीलाच. गोळ्या सुरू झाल्या. आता आबा स्वतः पाण्याचा गिलास घेऊन उभे राहतात. "गिळली का? दम लागते का? जेवली का?" दिवसभर तेच.

परवा आजीनं मला हळूच बाजूला घेतलं.

"पोरी, याईचं इचारनं बंद कराची एखांदी गोळी हाये का तुह्यापाशी?"